झिजायचे कुणी?

पत्त्यांतला राजा मला नेहमीच एक थोर पुरुष वाटत आला आहे. त्याच्या पराक्रमासाठी नव्हे. त्याने काही पराक्रम केल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही. तो थोर वाटतो तो एवढ्याचसाठी, की त्याला कसाही हातात धरा, तो सुलटाच असतो. एक डोके वर, एक डोके खाली. फार पूर्वीच्या पत्त्यांत त्याला एकच डोके आणि दोन पाय असत. मग हातात उलटा राजा आला की खेळणारा तो हळूच फिरवून सरळ करी, आणि समोरचा धूर्त भिडू तेवढ्यावरून ताडी, की ह्याच्याकडे चित्र आले! कुणा कारागिराने राजाचे पाय काढून तिथे दुसरे डोके बसवले आणि खेळणाऱ्याची झाकली मूठ झाकलीच राहिली. केवढी साधी युक्ती! राजाला चालता येईनासे झाले खरे. पण पत्त्यातल्या राजाला जायचे तरी कुठे असते?

हा राजा मला अलीकडे फार वेळा आठवतो, आणि आठवतो तो मोबाइलला चार्जरची पिन लावताना. कनेक्टर हा तिचा शास्त्रोक्त शब्द. पण आपण सारे 'पिन'च म्हणतो, तेव्हा मीही तेच म्हणेन. मी चित्रकलेचा मास्तर. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, पुढचा संसार कुंचला आणि लेखणी ह्यांच्यावर चालला. विजेशी माझे नाते बटण दाबण्यापुरते. पण एखादा आकार दिसला, की तो असाच का, हा प्रश्न मला स्वस्थ बसू देत नाही. फुलपात्राचा काठ बाहेर का वळतो, विळीचे पाते का वाकते, आणि चार्जरच्या पिनेची एक बाजू अरुंद का, हे सारे माझ्या दृष्टीने एकाच जातीचे प्रश्न.

चाळिशी ओलांडलेल्या वाचकांना तो जमाना आठवत असेल. पाहुणा घरात शिरला, की चपला काढता काढता विचारी, "बारीक पिन आहे का हो?" बारीक पिन, जाडी पिन, चपटी पिन, ह्या पिनांच्या जाती आपल्या जातींइतक्याच कडक होत्या. रोटीबेटी व्यवहार नाही. प्रत्येक घरात एक खण असा असे, की ज्यात मेलेल्या फोनांच्या विधवा वायरी एकमेकींत गुंतून पडलेल्या असत. टाकून द्यावे तर जीव होत नाही आणि ठेवून तर काही उपयोग नाही.

ह्या बजबजपुरीवर उतारा शोधण्याचा पहिला मोठा प्रयत्न झाला तो संगणकांच्या दुनियेत. संगणकाच्या पाठीमागे छपाईयंत्राला एक खोबण, कळफलकाला दुसरी, माऊसला तिसरी, अशी स्थिती होती. तेव्हा सात मोठ्या कंपन्या एकत्र आल्या आणि १९९६ साली त्यांनी 'यूएसबी' नावाची एकच सामाईक जोडणी जाहीर केली. ह्या कामात पुढाकार घेणाऱ्यांत इंटेल कंपनीतले अजय भट्ट होते. हे गृहस्थ बडोद्याचे. तिथल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले. गायकवाडांच्या ज्या बडोद्याने मराठी ग्रंथांना आणि कलावंतांना उदार आश्रय दिला, त्याच गावच्या मुलाने पुढे साऱ्या जगाच्या यंत्रांना एकमेकांशी बोलायला लावावे, ह्याचे मला उगीचच कौतुक वाटते.

पण त्या चपट्या चौकोनी पिनेत एक खोड होती. ती एकाच बाजूने आत जाई. आणि गंमत अशी, की बाहेरून पाहता दोन्ही बाजू सारख्याच! म्हणून आपण ती लावायला जावे, जाऊ नये. उलटी करावी, तरी जाऊ नये. पुन्हा पहिल्यासारखी करावी आणि सुरळीत जावी. साऱ्या जगाने ह्यावर विनोद केले. भट्टांनी पुढे ह्याचे कारण मोकळेपणाने सांगितले. दोन्ही बाजूंनी जाणारी पिन करायची तर दुप्पट तारा आणि दुप्पट मंडले लागली असती, खर्चही दुप्पट झाला असता. आणि जोडणी स्वस्त झाली नाही, तर ती कुणी स्वीकारलीच नसती. मला हे पटते. गरिबाच्या घरी दोन्ही बाजूंनी नेसायचे लुगडे कुठून येणार?

पिनेचा आकार ठरवणाऱ्याला केवळ आकार ठरवून भागत नाही. धातूचे दोन पत्रे आपल्याला कितीही गुळगुळीत दिसोत, ते एकमेकांवर ठेवले तर खरा स्पर्श मोजक्या सूक्ष्म ठिकाणीच होतो. वीज त्या चिंचोळ्या वाटांतूनच जाते. म्हणून स्पर्श घट्ट हवा, आणि त्यासाठी एका बाजूला स्प्रिंगसारखी दबणारी पट्टी हवी. धातू गंजला की वाट बंद. म्हणून चांगल्या पिनेत त्या पट्ट्यांवर निकेलचा आणि वर सोन्याचा अगदी पातळ मुलामा देतात. पाडव्याला गुंजभर सोने घेण्याची ज्यांची ऐपत नाही, त्यांच्याही खिशात कणभर सोने असते ते असे! पण प्रत्येक वेळी पिन लावताना आणि काढताना तो मुलामा घासला जातो, आणि ती स्प्रिंग जराजराशी थकते.

तेव्हा खरा प्रश्न असा, की झिजायचे कुणी? खोबणीने की पिनेने?

पहिल्या यूएसबीत स्प्रिंगा खोबणीत, म्हणजे यंत्राच्या पोटात होत्या, आणि ती जोडणी किमान १,५०० वेळा लावली-काढली तरी टिकावी एवढीच अपेक्षा होती. संगणकाला ते पुरेसे. तिथे पिन एकदा लावली की महिनोन्महिने निघत नाही. पण मोबाइल दिवसातून दोनदा जोडा, की १,५०० ची गणती दोन वर्षांत संपते. २००७ साली 'मायक्रो-यूएसबी' नावाची छोटी पिन आली. तिच्या कर्त्यांनी एक शहाणपणा केला. झिजणारे, दबणारे भाग त्यांनी फोनमधून उचलले आणि वायरीच्या टोकात नेऊन बसवले. फोन दहा हजारांचा, वायर शंभराची. तेव्हा झीज शंभराच्या वाट्याला. हिशेब १०,००० वेळांपर्यंत गेला, म्हणजे दिवसाला दोनदा लावली तर तेरा वर्षांहून अधिक. कागदावर सारे उत्तम होते.

पण कागदावरच्या हिशेबात आमची आई नव्हती.

आई गुहागर तालुक्यात आमच्या गावच्या घरी एकटी राहते. मी चिपळूणला, धाकटा भाऊ पुण्याला. रोज रात्री आठला तिचा फोन येतो. बोलणे काही विशेष नसते. पाऊस किती, गाय किती दूध देते, कुणाची सून कुठे गेली. पण तो फोन आल्याखेरीज मला जेवण गोड लागत नाही. एका श्रावणात सलग दोन दिवस तो आला नाही. मी केला तर फोन बंद. पाऊस कोसळत होता. शेजारच्या वाडीतल्या पोराला गाठून तिच्याकडे पाठवले, तेव्हा कळले, की आई खुशाल आहे, फोन मात्र गेला आहे.

शनिवारी मी गावी गेलो. वीज गेलेली असताना तिने पडवीत चिमणीच्या उजेडात पिन खोवून ठेवली होती. वीज आली की आपोआप चार्ज होईल म्हणून. तिच्या एका डोळ्यात मोतीबिंदू. ती मायक्रो पिन म्हणजे वरून अरुंद, खालून रुंद असा समलंब चौकोन. तो फरक इतका बारीक, की चष्मा लावून मलाही दिसायला दोन क्षण लागतात. ती उलटी लागली, जात नाही म्हणून तिने जरा जोर दिला, आणि आतले काहीतरी मोडले. मला म्हणाली, "मेलं ते भोकच सापडत नाही रे. आता माझ्या हाताला काही समजेनासं झालंय."

ते वाक्य माझ्या मनाला फार लागले. ह्या हातांना काय समजत नाही? अंधारात नारळ सोलायचे समजते, भाकरी थापायची समजते, वासराच्या अंगावरून फिरून ते आजारी आहे की नाही हे समजते. आणि ह्या हातांनी एका नखाएवढ्या भोकापुढे हार मानून स्वतःलाच दोष द्यावा!

चिपळूणला दुरुस्तीच्या दुकानातल्या मुलाने फोन उघडून भिंगाखाली मला दाखवला. खोबणीच्या आत एक इवलीशी जीभ असते, तिच्यावर पाच पट्ट्या. ती जीभच मोडली होती. "काका, रोज दोन-तीन येतात असे," तो म्हणाला. "आणि आणून देणारा प्रत्येक जण म्हणतो, पोरानं मोडलं नाहीतर म्हातारीनं मोडलं."

त्यानंतर आईला जो फोन घेतला त्याची पिन 'टाइप-सी' जातीची आहे. ही जात २०१४ च्या ऑगस्टात जाहीर झाली. पत्त्यांतल्या राजाची मला आठवण होते ती हिच्याचमुळे. लांबट, दोन्ही टोकांना गोलसर, आणि अर्धा फेरा फिरवली तरी जशीच्या तशी. खोबणीत मध्ये जीभ, तिच्या वर बारा आणि खाली बारा अशा चोवीस पट्ट्या, शेजारच्या दोहोंत अंतर अर्ध्या मिलिमीटरचे. त्यांची मांडणी पाहून मला एखाद्या सुबक रांगोळीचा आनंद झाला. चारही कोपऱ्यांना परतीच्या विजेच्या पट्ट्या; थोड्या आत, चार ठिकाणी, वीज आणणाऱ्या. अर्धा फेरा फिरवा, कोपऱ्यावर कोपरा येतो, विजेवर वीज येते.

पण खरी मौज पुढेच आहे. ही पिन आतून पूर्णपणे दुतोंडी नाहीच! तिच्यात एक तार अशी आहे, की जी एकाच बाजूला असते. फोनमध्ये मात्र तिच्यासाठी दोन जागा राखून ठेवलेल्या असतात, एक वर, एक खाली. ती तार कुठल्या जागी येऊन टेकली ह्यावरून फोन ओळखतो, की पिन अशी लागली की तशी, आणि त्याप्रमाणे पुढची व्यवस्था तो आपणच लावून घेतो. म्हणजे उलटसुलटपणा जगातून नाहीसा झाला नाही. तो फक्त माणसाच्या बोटांवरून उचलून यंत्राच्या पोटात नेला. १९९६ साली जे परवडत नव्हते, ते चिप स्वस्त झाल्यावर परवडले.

त्याच तारेवरून चार्जर आणि फोन एकमेकांशी बोलतातही. दुसऱ्या टोकाला कुणी आहे अशी खात्री पटेपर्यंत चार्जर वीज सोडतच नाही. मग पाच व्होल्टने आरंभ; आणि समोरच्याने अधिक मागितले व ते ह्याच्यापाशी असले, तरच अधिक. आग्रह करकरून पाहुण्याच्या पानात जिलब्या वाढणाऱ्या आपल्या लोकांनी हा शिष्टाचार शिकण्यासारखा आहे.

ह्या पिनेवर साऱ्यांचे एकमत मात्र सुखासुखी झाले नाही. युरोपातल्या राष्ट्रांनी २००९ पासून कंपन्यांना गोडीने सांगून पाहिले. शेवटी २०२२ साली कायदा केला, की २८ डिसेंबर २०२४ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या नव्या मोबाइलला हीच खोबण हवी. लॅपटॉपसाठी २८ एप्रिल २०२६ ही तारीख ठरली. स्वतःची वेगळी पिन जपणाऱ्या ॲपलनेही २०२३ च्या सप्टेंबरात आयफोनला हीच खोबण दिली. गुंतलेल्या विधवा वायरींच्या खणाची ती अखेर म्हणायची.

सारेच गोड आहे असे नाही. बाहेरून एकसारख्या दिसणाऱ्या दोन वायरींतली एक भराभर चार्ज करते आणि दुसरी रडतखडत. चेहऱ्यावरून स्वभाव ओळखता येत नाही, हे वायरींच्याही बाबतीत खरे झाले. खिशातला कापसाचा भुगा त्या खोबणीत दडपून बसतो. आणि दुरुस्तीच्या दुकानातल्या त्या मुलाला आता पाचांऐवजी चोवीस पट्ट्यांचे काम भिंगाखाली करावे लागते. एका हाताचे ओझे हलके केले, की ते कुठल्यातरी दुसऱ्या हातावर जाते. ते कुठे ठेवायचे, एवढेच ठरवणे आपल्या हाती असते.

आई आता अंधारात पिन लावते. चिमणी जवळ घेत नाही. आठचा फोन आठला येतो.

आमच्या शाळेत कुणी निवृत्त झाले, की निरोपसमारंभात एक वाक्य हमखास ऐकू येते: सर चंदनासारखे झिजले. चंदनाचे ठीक आहे. त्याच्या झिजण्याला सुगंध असतो, कीर्ती असते. पण वायरीच्या टोकातली ती स्प्रिंग बिनवासाची झिजते, आणि निकामी झाली की कुणी नारळही देत नाही. तरी ती तिथे ठेवली गेली ती विचारपूर्वक. जे महाग आहे, बदलता येत नाही, ते टिकावे म्हणून जे स्वस्त आहे त्याने झिजावे. आता वर्गात डावखुऱ्या मुलीला कात्रीने कागद कापता येईना, की मी आधी कात्री हातात घेऊन पाहतो. ती बहुधा उजव्या हातासाठी घडवलेली असते. कात्री दुसरी आणता येते. 'माझ्या हाताला काही समजत नाही' असे एकदा त्या मुलीच्या मनाने घेतले, तर ते बदलून द्यायला मात्र कुठलेच दुकान नाही.