पावलाचे माप

वसईच्या किनारपट्टीवर लोकरीच्या मोज्यांना तसे काही काम नाही. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेला निघताना अंगावर एखादी शाल घेतली की आमची थंडी भागते. तरीही आमच्या घरी विणकामाच्या सुया कधी स्वस्थ राहिल्या नाहीत. धर्मग्रामात कुणाकडे बाप्तिस्मा ठरला की आई पंधरा दिवस आधी लोकरीचे गुंडे काढून बसे आणि टोपडे, स्वेटर व बोटभर लांबीचे पायमोजे असा संच तयार करी. बाळ ते मोजे फार तर दोन महिने वापरी, आणि त्यातलेही अर्धे दिवस लाथा झाडून ते काढून टाकण्यातच जात. आईला त्याचे काही वाटत नसे. गळून पडलेला मोजा उचलून पुन्हा पायात चढविण्याच्या निमित्ताने कुणीतरी बाळाची पावले हातात घेते, एवढे तिला पुरत असे.

आम्ही दोघी बहिणी तिच्याजवळच विणायला शिकलो. दोघींना एकाच वेळी, एकाच पायरीवर बसवून शिकविले, तरी हात मात्र दोन तऱ्हेचे निघाले. थोरलीचा हात घट्ट, तिचा टाका सुईवरून पुढे सरकायलाही कुरकुरतो. धाकटीचा सैल. एकाच लोकरीचे, तितकेच टाके घालून दोघी विणायला बसलो, तर धाकटीचे काम बोटभर रुंद होते. शाळेत सिस्टरांनी आम्हांला चार सुयांवर गोल विणायला शिकविण्याचा प्रयत्न केला होता. त्या सुयांना दोन्ही टोकांना अणी असते. एकीकडे लक्ष दिले की दुसरीकडून टाके निसटत. आम्ही तो नाद सोडला आणि आईच्या पद्धतीने दोन सुयांवर सपाट विणून मागाहून शिवण घालू लागलो. त्या आळसाची किंमत किती होती, हे कळायला पुढे जवळजवळ चाळीस वर्षे जावी लागली.

आमचा धाकटा भाऊ 1989 साली कॅनडाला गेला. निघण्याच्या आदल्या रात्री आईने त्याला खाकी कागदावर अनवाणी उभे केले आणि शिसपेन्सिलीने दोन्ही पावलांभोवती रेघ ओढली. त्याला गुदगुल्या होत होत्या, म्हणून डाव्या पावलाच्या करंगळीजवळ रेघ थोडी थरथरलेली आहे. तो कागद चौघडी करून बिस्किटांच्या डब्यात, सुयांच्या खाली ठेवला गेला. त्या डिसेंबरात पहिला जोड गेला आणि मग दर नाताळला एक, असा नेमच पडला. एक मोजा थोरलीने विणायचा, दुसरा धाकटीने, आणि टाच मात्र आईने वळवायची. टाचेपाशी विणकाम काटकोनात वळते आणि तिथेच शिकाऊ हात ओळखू येतो. 2004 साली आई गेली. त्या वर्षी टाचाही आम्हीच वळविल्या. त्या उजवल्या नाहीत.

लोकरीविषयीही सांगायला हवे. आपल्याकडच्या दुकानांत लोकर म्हणून मिळते त्यातले पुष्कळसे सूत मेंढीचे नसतेच. ते ॲक्रिलिक, म्हणजे कृत्रिम धाग्याचे असते. धुवायला सोपे, रंगाला पक्के, पण पायाला घाम आणणारे. हे समजल्यावर एका वर्षी कुलूहून अस्सल लोकर मागवली आणि त्याचा जोड मोठ्या अभिमानाने पाठविला. भावाने तो धुलाईयंत्रात टाकला. मेंढीच्या लोकरीच्या धाग्यावर सूक्ष्म खवले असतात. गरम पाणी, साबण आणि घुसळण एकत्र आली की ते एकमेकांत अडकतात आणि कापड आटून नमद्यासारखे होते. मोजे पाच वर्षांच्या मुलाच्या मापाचे झाले. ही हकीकत त्याने फोनवर इतकी हसून सांगितली की आम्हीही हसलो. इतर मोज्यांबद्दल तो दरवर्षी एवढेच म्हणे, “ताई, मोजे पोचले. छान आहेत.”

2013 साली आम्ही दोघी प्रथमच त्याच्याकडे, टोरांटोजवळच्या मिसिसागा शहरी गेलो. तिसऱ्या की चौथ्या दिवशी चादरी शोधताना कपाटाचा खालचा खण उघडला. आत आमचे मोजे होते. नेव्ही निळे, तपकिरी, आईच्या आवडीचे मरून. काहींना आम्ही बांधलेली फीतसुद्धा तशीच होती. आम्ही खण बंद केला. त्या रात्री एकमेकींशी बोललो नाही. खरे सांगायचे तर आम्हांला राग आला होता, आणि रागाच्या तळाशी अपमान होता. वीस-बावीस नाताळांच्या संध्याकाळी तिथे घडी घालून ठेवल्या होत्या.

सकाळी भावजयीने आमचे चेहरे वाचले असावेत. भाऊ कामावर गेल्यावर तिने चहा पुढे ठेवला आणि आम्हांला न सांगण्याची शपथ त्याने तिला घातलेली गोष्ट सांगून टाकली. त्याला मधुमेह होऊन आठ वर्षे झाली होती, हे आम्हांला ठाऊक होते. पायांची संवेदना गेली आहे, हे ठाऊक नव्हते. 2011 च्या नाताळला त्याने मुद्दाम आमचे मोजे घातले, वर बर्फातले बूट चढविले, मिस्सेला गेला, तिथून नातलगांकडे फिरला. रात्री मोजा काढला तेव्हा तळपायाला फोड येऊन फुटला होता. शिवण जिथून जाते, बरोबर त्याच रेषेवर. त्याला दिवसभर काहीच जाणवले नव्हते. मोजा मरून होता, म्हणून रक्तही दिसले नाही. ती जखम भरून यायला चार महिने लागले. डॉक्टरांनी बजावले होते: मोजा शिवणीचा नको, वरची पट्टी आवळणारी नको, रंग गडद नको, म्हणजे पाझर झाला तर डोळ्यांना दिसेल. भावजय म्हणाली, “फेकून द्यायचे त्यांच्या जिवावर आले. म्हणून मी खणात ठेवले.”

आमच्या हातून त्याला जखम झाली होती, आणि ती लपविण्याचे ओझे त्याने दोन वर्षे वाहिले होते. आम्ही काय बोलणार?

सपाट विणलेल्या कापडाला शिवण टळत नाही. 1589 साली इंग्लंडमध्ये विल्यम ली या गृहस्थाने मोजे विणण्याचे पहिले यंत्र काढले, तेही सपाट पट्टीच विणी आणि मागून शिवण घालावी लागे. चार-पाच सुया घेऊन गोल विणणारे हात त्याआधीपासूनच बिनशिवणीचे काम करीत होते. पुढे एका पुस्तकात आम्ही एक जुने चित्र पाहिले. इसवी सन 1400 च्या सुमारास माइस्टर बर्ट्राम या जर्मन चित्रकाराच्या चित्रशाळेत बुक्स्टेहुडे येथील व्रतस्थ भगिनींच्या मठासाठी वेदीचित्रे तयार झाली. ती आता हॅम्बुर्गच्या कलासंग्रहालयात आहेत. त्यांपैकी एकात पवित्र मरीया बसून विणते आहे. हातात चार सुया, त्यांवर बाळ येशूचा अंगरखा, गळ्यापर्यंत आलेला. योहानाच्या शुभवर्तमानात सैनिकांनी ज्या बिनशिवणीच्या अंगरख्यावर चिठ्ठ्या टाकल्या, त्याची ही पूर्वसूचना असावी. बाजूला देवदूत क्रूस घेऊन उभे आहेत. आमची नजर मात्र पुन:पुन्हा तिच्या सुयांकडे जाते. तिचे टाके निसटत नव्हते काय?

मिसिसागात भावाच्या शेजारी एक वृद्ध पोलिश बाई राहत. त्यांना इंग्रजी बेताचे, आम्हांलाही बेताचेच. भावजयीने आमचा मनोदय त्यांच्या कानी घातला आणि दुसऱ्या दिवशी त्या सुयांची जुडी घेऊन आल्या. आठ दिवस स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून त्यांनी आम्हांला शिकविले. चौसष्ट टाके घालायचे, चार सुयांवर सोळा-सोळा वाटायचे, पाचव्या सुईने विणायचे. दोन सुलट, दोन उलट. चूक झाली की त्या हातावर हलकी चापट मारीत, अगदी शाळेतल्या सिस्टरांसारखी. शेवटी बोटांपाशी उरलेले टाके शिवायचे नाहीत, तर मोठ्या सुईने टाक्याच्या वाटेनेच धागा फिरवून दोन कडा अशा जोडायच्या की जोड कुठे आहे हे बोटालाही कळू नये. या टाक्याला पहिल्या महायुद्धातील लॉर्ड किचनर यांचे नाव चिकटले आहे. सेनापतीने स्वत: सुया हाती धरल्या असतील असे आम्हांला वाटत नाही.

मोजे विणायचे तर माप हवे. खाकी कागदावरचे माप आम्ही डब्यातून सोबत नेले होते. त्या रात्री भाऊ कामावरून आल्यावर त्याला खुर्चीत बसविले, त्याचे बूट उतरविले आणि पावले त्या कागदावर ठेवली. ती रेघेत मावेनात. पाऊल पसरले होते, घोट्याशी सूज होती, डावे उजव्यापेक्षा बरेच मोठे. तळव्यावर जखमेचा फिकट वण. चोवीस वर्षे आम्ही एका चोवीस वर्षांच्या मुलासाठी विणीत होतो. तो तर केव्हाच पंचेचाळिशी ओलांडून गेला होता. कागद उलटा करून कोऱ्या बाजूवर आम्ही नवी रेघ ओढली. या वेळी करंगळीपाशी पेन्सिल फिरली तेव्हा तो हसला नाही. “आता गुदगुल्या होत नाहीत, ताई,” एवढेच म्हणाला.

तेव्हापासून दर नाताळच्या आधी भावजय मापे कळविते: पावलाचा घेर, घोट्याचा घेर, सूज सकाळची की संध्याकाळची. यंत्रात न आटणारी, प्रक्रिया केलेली लोकर तिकडे मिळते. सुटीवर येणाऱ्या कुणाबरोबर ती पांढरी किंवा दुधी रंगाची लोकर पाठविते. मोजा पुरा झाला की आम्ही तो उलटा करून डोळे मिटतो आणि आतून बोट फिरवितो. कुठे गाठ लागली तर तेवढे उसवतो.

पूर्वी दोघींचे मोजे सारखे यावेत म्हणून थोरली मुद्दाम हात सैल सोडी आणि धाकटी दातओठ खाऊन धागा ओढी. आता ते करीत नाही. सुजणारा डावा पाय धाकटीकडे, उजवा थोरलीकडे. यंदाच्या डाव्या मोज्याला भावजयीच्या निरोपावरून आठ टाके वाढविले आहेत. टाच वळवून झाली आहे. बोटे तेवढी राहिली आहेत.