साडेतेरा फुटांची होडी

धाडसी माणसें आणि नेटकीं माणसें या मनुष्यांच्या दोन निराळ्या जाती होत, अशी आपल्याकडे एक जुनी समजूत आहे. धाडसी मनुष्य हिशेब ठेवीत नाहीं, आणि जो हिशेब ठेवतो त्याच्या हातून धाडस होत नाहीं, असें आपण गृहीत धरून चालतों. मुलगा झाडावर सरसर चढला कीं त्याला आपण शूर म्हणतों. तोच चढण्यापूर्वीं फांदी वांकवून पाहूं लागला तर भित्रा म्हणतों. 'अंथरूण पाहून पाय पसरावे' ही म्हणसुद्धां आपण पाय आंखडून घेण्याचा उपदेश म्हणूनच वापरतों. परंतु तींत अंथरूण पाहण्याची जशी आज्ञा आहे तशी पाय पसरण्याचीहि आहे, इकडे कोणाचें लक्ष जात नाहीं. या समजुतीच्या खरेपणाविषयीं आम्हांला बरेच दिवस शंका होती. ती शंका बळावण्यास एका अमेरिकन गृहस्थाचें चरित्र कारण झालें. तें वाचकांपुढें ठेवावें, एवढाच या लेखाचा हेतु.

या गृहस्थाचें नांव रॉबर्ट मॅन्री. क्लीव्हलंड शहरीं निघणाऱ्या 'प्लेन डीलर' नांवाच्या दैनिकांत तो उपसंपादक होता. दुसऱ्यांनीं लिहिलेला मजकूर वाचावा, त्यांतील चुका काढाव्या, पाल्हाळ छाटावा, वर मथळा बसवावा, आणि एवढें करून स्वतःचें नांव कोठेंहि येऊं नये, असा हा धंदा. सन १९६५ च्या जूनच्या १ तारखेस हा मनुष्य मॅसॅच्युसेट्समधील फाल्मथ गांवाहून एकटाच शिडाच्या होडींतून निघाला, आणि ऑगस्टच्या १७ तारखेस इंग्लंडांतील कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर, त्याच नांवाच्या दुसऱ्या फाल्मथला, जाऊन पोंचला. मध्यें अटलांटिक महासागर, सुमारें ३,२०० मैलांचें पाणी, आणि ७८ दिवस. होडीचें नांव 'टिंकरबेल', लांबी साडेतेरा फूट. आमच्या कॉलेजांत प्राध्यापकांच्या खोलींतलें मेज याहून फारसें आखूड नसावें.

हा मनुष्य आपणांस अगदींच परका नाहीं. त्याचा जन्म १९१८ सालीं मसुरीजवळच्या लंढौर येथें, एका मिशनरी अध्यापकाच्या घरीं झाला. शिडाची होडी त्यानें प्रथम अनुभवली ती यमुनेच्या पात्रांत. आणि शाळेंत असतांना एका जर्मन दर्यावर्दीचें व्याख्यान ऐकून त्याच्या मनांत समुद्राचें वेड शिरलें. पुढें शिक्षण, महायुद्ध, नोकरी, लग्न, दोन मुलें, असा संसाराचा क्रम यथास्थित चालला. वेड मनाच्या तळाशीं राहिलें. पण गेलें नाहीं. १९५८ सालीं त्यानें एक जुनीपुराणी, मोडकळीस आलेली होडी विकत घेतली, स्वतःच्या हातानें दुरुस्त केली, तिच्यावर लहानशी खोली बांधली, आणि कुटुंबासह एरी सरोवरांत तो ती फिरवूं लागला. महासागर ओलांडण्याचा प्रथमचा बेत या होडीचा नव्हताच. एका मित्राच्या मोठ्या होडींतून दोघांनीं जावयाचें होतें. मित्राचा बेत फिरला. तेव्हां मॅन्रीनें विचार केला कीं जी होडी आपल्याजवळ आहे तिनें कां जाऊं नये? रजा घेतांना कचेरींत त्यानें फारसा बोभाटा केला नाहीं. आपण एकटे व या एवढ्याशा होडींतून जात आहों, हें सहकाऱ्यांना कळलें तें निघतेवेळीं टाकलेल्या पत्रांवरून.

येथपर्यंतची हकीकत ऐकून कोणीहि म्हणेल कीं हा शुद्ध वेडेपणा. आम्हांलाहि प्रथम तसेंच वाटलें. पण त्यानें केलेली तयारी पाहिली म्हणजे मत बदलावें लागतें. कसलेला उपसंपादक प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारतो: हें कोठें फसेल? मॅन्रीनें तोच प्रश्न होडीच्या फळीफळीला विचारला. पाणी आंत शिरलें तर? म्हणून पोकळ जागांत त्यानें तरंगणारा फेस-पदार्थ भरला. होडी पाण्यानें तुडुंब भरली तरी बुडणार नाहीं अशी व्यवस्था झाली. उलटली तर? म्हणून खालच्या बाजूस वजन बसविलें, म्हणजे ती पुन्हां आपोआप सुलटी व्हावी. आपण बाहेर फेंकले गेलों तर? म्हणून कमरेला दोर बांधला व त्याचें दुसरें टोंक होडीला जखडलें. वादळांत शीड उतरावें लागलें तर? म्हणून होडीचें तोंड लाटेकडे धरून ठेवणारा, पाण्यांत ओढ घेणारा कापडी नांगर बरोबर घेतला. लहान होडीविषयींहि त्याचा विचार पक्का होता. मोठें जहाज लाटेशीं झुंजतें, म्हणून लाटेचा मार खातें. हलकी, बंदिस्त होडी बूच लावलेल्या रिकाम्या बाटलीप्रमाणें लाटेबरोबर वर चढते व खालीं उतरते. तिला शक्ति लागत नाहीं. फक्त ती कोठें फुटतां कामा नये.

आणि ज्या ज्या गोष्टींची त्यानें भीति धरली होती, त्यांतील बहुतेक खरोखरच घडल्या. लाटांनीं त्याला एकदां नव्हे, अनेकदां होडीबाहेर फेंकून दिलें. प्रत्येक वेळीं दोरानें त्याला परत आणलें. भर समुद्रांत सुकाणू मोडलें. बरोबर घेतलेल्या हत्यारांनीं त्यानें तें जोडलें. आम्ही गेलीं तीस वर्षें विद्यार्थ्यांचे निबंध तांबड्या पेन्सिलीनें तपासीत आलों आहों. दुसऱ्यांच्या चुका शोधतां शोधतां मनुष्याचें मन खुजें होतें, त्याला स्वतः कांहीं करण्याची उमेद राहत नाहीं, असें या धंद्याविषयीं म्हणतात. आणि पन्नाशी उलटल्यावर तें कधीं कधीं आपल्यालाहि खरें वाटूं लागतें. मॅन्री मेजावरून उठून दर्यावर्दी झाला, असें त्याचे प्रशंसक लिहितात. आम्हांला हें मान्य नाहीं. तो मेजावरची संवयच बरोबर घेऊन समुद्रावर गेला, आणि तिनेंच त्याला पैलतीरास नेलें.

परंतु या संवयीचीहि एक मर्यादा आहे, व ती त्याच्या प्रवासांतच दिसून आली. त्या मार्गानें मोठमोठ्या आगबोटी जात-येत असतात. रात्रीं एवढीशी होडी त्यांच्या दृष्टीस पडण्याची खात्री नसते. म्हणून तो झोंप टाळण्याच्या गोळ्या घेऊन जागत राही. या जागरणाचा परिणाम व्हावयाचा तो झाला. होडींत आपल्याबरोबर दुसरें कोणी बसलें आहे, तें आपल्याशीं बोलत आहे, अमुक दिशेला चल म्हणून सांगत आहे, असे भास त्याला होऊं लागले. आणि त्या भासांचें ऐकून त्यानें होडी भलतीकडे नेली. फळी, दोर, शीड, सुकाणू या सर्वांना त्यानें तपासून घेतलें होतें. पण स्वतःच्या मनांत उमटणारा मजकूर तपासण्यास होडींत दुसरा उपसंपादक नव्हता. एकटेपणाचा खरा धोका हाच असावा. लाटेविरुद्ध दोर बांधतां येतो. आपल्याच मनाविरुद्ध बांधावयाचा दोर दुसऱ्याच्या हातीं असावा लागतो.

आतां या कथेंतील अवघड प्रश्न. बायकोमुलें असलेल्या मनुष्याला असें करण्याचा अधिकार काय? आमच्या एका स्नेह्यांनीं ही हकीकत ऐकून, "तो परत आला म्हणून पराक्रम; न येता तर त्याला काय म्हणालां असतां?" असें आम्हांला विचारलें. प्रश्न रास्त आहे, आणि यशाकडे बोट दाखवून त्याचें उत्तर देतां येत नाहीं. आमचें उत्तर असें आहे कीं त्याची पत्नी व्हर्जिनिया हिची त्याला पूर्ण संमति होती, आणि ती संमति आंधळी नव्हती. ती त्या होडींत बसली होती. होडीचा गुणदोष तिला ठाऊक होता. पतीवरील प्रेमाखातर दिलेली संमति व होडी पाहून दिलेली संमति यांत फरक आहे. पहिलींत मनुष्य स्वतःची समजूत घालतो. दुसरींत त्याची समजूत पटलेली असते. घरीं राहणाऱ्यांना धोक्यांतून मुक्त करणें धाडसी मनुष्याच्या हातीं नसतें. आपण काय काय तपासलें आहे, हें त्यांना डोळ्यांनीं पाहूं देणें मात्र त्याच्या हातीं असतें. आणि तेवढेंहि जो करीत नाहीं त्याच्या धाडसाला आम्ही स्वार्थ म्हणूं. असें असूनहि, ते अठ्ठ्याहत्तर दिवस व्हर्जिनियेनें कसे काढले असतील, याचा विचार मनांत आला कीं लेखणी थबकते. तिच्या होडीला सुकाणूहि नव्हतें आणि शीडहि नव्हतें.

एकट्यानें अटलांटिक ओलांडल्याची पहिली नोंद १८७६ सालची आहे. आल्फ्रेड जॉन्सन नांवाचा ग्लॉस्टरचा एक कोळी वीस फुटांच्या होडींतून वेल्सला पोंचला. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या शताब्दीचा त्याचा तो नवस होता. त्यानंतर होड्या आखूड होत गेल्या. १९६८ सालीं ह्यूगो व्हिलेन हा सहा फुटांहूनहि किंचित् आखूड होडींतून कासाब्लांकाहून फ्लॉरिडापर्यंत गेला. आणि १९९३ सालीं त्यानेंच पांच फूट चार इंचांच्या होडींत १०५ दिवस काढून न्यू फाउंडलंडहून इंग्लंड गांठलें. प्रतिस्पर्ध्याच्या होडीहून आपली आखूड ठरावी म्हणून त्यानें होडीची लांबी कापून घेतली होती. त्याच्या चिकाटीला आमचा नमस्कार असो. परंतु इंच हाच जेथें पुरुषार्थ होतो तेथें आमचें मन रमत नाहीं. मॅन्रीची होडी लहान होती, कारण त्याच्याजवळ तीच होती. जवळ आहे तेवढ्यानिशीं जाणें आणि जवळचें मुद्दाम कापून जाणें, या दोन वृत्ति भिन्न आहेत.

आपल्याकडील उदाहरण पाहिलें तरी हाच धडा मिळतो. भारतीय नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे यांनीं २००९ च्या ऑगस्टांत मुंबईहून निघून, वाटेंत चार बंदरें घेऊन, २०१० च्या मे महिन्यांत एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली. असें करणारे ते पहिले भारतीय. त्यांची 'म्हादेई' छप्पन्न फुटांची, म्हणजे 'टिंकरबेल'च्या चौपटीहून अधिक. तेव्हां लहानपणाची येथें गोष्ट नाहीं. गोष्ट आहे ती प्रवासाला नऊ महिने लागले व तयारीला सुमारें तीन वर्षें, ही. ती होडी गोव्यांत बांधली गेली. स्वागताला बंदरावर जमणारी गर्दी नऊ महिन्यांचें कौतुक करते; गोव्यांतल्या त्या तीन वर्षांचे पोवाडे कोणी गात नाहीं.

मॅन्रीच्या स्वागताला फाल्मथ बंदरावर हजारों लोक लोटले होते, शेंकडों होड्या सामोऱ्या गेल्या होत्या, आणि त्याची पत्नीहि तेथें आली होती. गंमत अशी कीं भर समुद्रांत त्याला गांठून त्याची मुलाखत प्रथम मिळविली ती त्याच्याच शहरांतील एका दूरचित्रवाणी केंद्राच्या बातमीदारानें. स्वतःचें वृत्तपत्र मागें राहिलें. पुढें त्यानें आपल्या प्रवासावर एक पुस्तक लिहिलें. दुसऱ्यांचा मजकूर सुधारणाऱ्या त्या हातानें या वेळीं स्वतःचा मजकूर लिहिला.

पुढची हकीकत थोडकी आहे. १९६९ सालीं व्हर्जिनिया मोटारीच्या अपघातांत वारली. दोन वर्षांनीं, १९७१ च्या फेब्रुवारींत, हृदयविकारानें मॅन्रीचा अंत झाला. त्या वेळीं त्याचें वय अवघें बावन्न वर्षांचें होतें. महासागरानें त्या दोघांचेंहि कांहीं वांकडें केलें नव्हतें. जिला आपण सुरक्षित म्हणतों त्या जमिनीवर, रोजच्या रस्त्यावर आणि स्वतःच्या छातींत, मरण त्यांची वाट पाहत होतें. यावरून कोणी वाटेल तसें समुद्रांत उडी घ्यावी असें आम्ही म्हणणार नाहीं. पण आपण पाय आंखडून बसतों तें सुरक्षिततेसाठीं, ही आपली समजूतहि एकदां तपासून पाहण्यासारखी आहे. टिंकरबेल क्लीव्हलंडच्या इतिहास-संग्रहालयांत जपून ठेविली आहे. ज्या कोणाला कधीं काळीं आपली होडी पाण्यांत सोडावयाची असेल, त्यानें तिची कीर्ति विसरून तिचे सांधे मात्र जरूर पाहावे.