चिंध्यांचं शहर

तुमच्या दारावर अजून बोहारीण येते का? डोक्यावर भांड्यांची पाटी, पाठीवर कपड्यांचं गाठोडं... आणि मग तिची नि आईची ती घासाघीस! दोन साड्या, एक पँट आणि बाबांचा विटलेला स्वेटर दिल्यावर कुठे एक स्टीलचं पातेलं पदरात पडतं. बोहारीण गाठोडं बांधून चालू लागते. पण त्या स्वेटरचं पुढे काय होतं, असा प्रश्न तुम्हाला कधी पडलाय? माझ्यापुढे तो माझ्या धाकट्या बहिणीने टाकला, आणि तोही थेट इटलीतून!

आम्ही इचलकरंजीचे. कोल्हापूर जिल्ह्यातलं हे यंत्रमागांचं गाव. 'महाराष्ट्राचं मँचेस्टर' असं त्याला म्हणतात. घराला लागूनच अण्णांचा, म्हणजे आमच्या वडिलांचा कारखाना होता. कारखाना म्हणजे काय, पत्र्याची शेड आणि आत आठ माग! खटाक्-खट, खटाक्-खट... त्या आवाजातच आम्ही दोघींनी पाढे पाठ केले. अण्णा 'खर्चीवाले'. हा शब्द आमच्याकडचा आहे, म्हणून सांगते. सूत व्यापाऱ्याचं, तयार कापडही व्यापाऱ्याचं. जागा, माग, कामगार आणि विजेचं बिल मात्र आपलं. विणून देण्याची जी मजुरी ठरेल, तेवढीच आपली. मजुरी काही वाढेना आणि बिल काही थांबेना. शेवटी २०१७ साली अण्णांनी आठही माग विकले. चालू माग म्हणून कुणी घेईना, म्हणून भंगारात, किलोवर.

त्या दिवसापासून अण्णा मागाविषयी एक अक्षर बोलत नसत. बाजारात जायचं झालं तर मागांची गल्ली टाळून लांबच्या रस्त्याने जात. आणि धाकटीने नेमकं कापडाचंच शिक्षण घ्यायचं ठरवलं! अण्णा 'नको' म्हणाले नाहीत, पण 'हो'ही म्हणाले नाहीत. गेल्या सप्टेंबरात ती सहा महिन्यांसाठी इटलीतल्या फ्लॉरेन्सला निघाली, तेव्हा तिच्या हातात पैशांचं पाकीट ठेवून एवढंच बोलले, "थंडी असंल तिकडं. स्वेटर घे."

आता जरा इटलीचा नकाशा समोर घ्या बरं. (मी मास्तरीण आहे, नकाशाशिवाय माझं चालत नाही!) लांब बुटासारखा देश दिसतो ना? त्या बुटाच्या वरच्या भागात टस्कनी नावाचा प्रांत आहे. त्यातलं मोठं शहर फ्लॉरेन्स, आणि तिथून रेल्वेने साधारण अर्ध्या तासावर प्रातो. फ्लॉरेन्सला चित्रं आणि पुतळे पाहायला जगभरातून माणसं येतात. प्रातोला मात्र शेकडो वर्षं लोकर आली, सूत आलं आणि चिंध्या आल्या. धाकटीच्या बाईंनी वर्गाला सांगितलं होतं, "शनिवार-रविवार हातात आहेत. कापड जिथे बनतं तिथे जाऊन या." त्याप्रमाणे ऑक्टोबरातल्या एका शनिवारी ही पोरगी प्रातोच्या गाडीत बसली.

शनिवारी आमची शाळा सकाळची. दुपारी अडीचला फोन वाजला, तेव्हा प्रातोत सकाळचे अकरा झाले होते. व्हिडिओ चालू करून फोन मी पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला. अण्णा पलीकडे पेपर वाचत होते, निदान पेपर तोंडापुढे धरून बसले होते.

"ताई, हा बघ इथला शेटजी!" धाकटी चौकात एका पुतळ्यापाशी उभी होती. अंगभर झगा, डोक्याला टोपी. त्याचं नाव फ्रान्चेस्को दि मार्को दातिनी. १३४८ च्या प्लेगात त्याचे आईवडील गेले. पंधरा-सोळा वर्षांचा असताना तो फ्रान्समधल्या आव्हिन्योंला गेला, तिथे व्यापारात पैसा कमावला आणि १३८३ मध्ये गावी परतला. लोकर कुठून आणली, कुणी धुतली, कुणी कातली, कुणाला किती दिले, सगळं लिहून ठेवायची त्याला भारी सवय! १४१० मध्ये तो वारला आणि संपत्ती गोरगरिबांसाठी ठेवून गेला. पुढे १८७० साली त्याच्या वाड्यात जिन्याजवळच्या एका खबदाडात त्याची कागदपत्रं सापडली. त्यात सुमारे दीड लाख पत्रं होती आणि पाचशेच्या वर हिशेबाच्या वह्या! वहीच्या सुरुवातीला देवाचं नाव आणि पाठोपाठ नफ्याचं नाव. आपल्याकडे चोपडीवर 'शुभ-लाभ' लिहितात, अगदी तस्संच की नाही?

मग ती कापडाच्या संग्रहालयात गेली. ते कॅम्पोल्मी नावाच्या जुन्या कापड कारखान्यात आहे. विटांचं उंच धुराडं अजून उभं आहे आणि त्याच आवारात शहराचं वाचनालयही आहे. (हे मला फार आवडलं. बंद पडलेल्या कारखान्यात मुलं पुस्तकं वाचत बसतात!) प्रातोच्या विणकरांची गोष्ट तिने मला सांगितली ती अशी. १९५० नंतरच्या वर्षांत तिथल्या मोठ्या गिरण्यांनी कामगार कमी केले. त्यांतल्या पुष्कळांनी माग घेतले, काहींनी उधारीवर, आणि घराच्या खालच्या मजल्यावर नाहीतर अंगणातल्या शेडमध्ये मांडले. माल पुरवायचा आणि विकायचा कुणी, तर 'इम्पान्नातोरे' नावाच्या व्यापाऱ्याने. माग चालवणाऱ्याने फक्त विणून द्यायचं आणि मजुरी घ्यायची.

पेपर खाली आला. "तिथं बी खर्चीवाले हायत म्हण की!" अण्णा म्हणाले.

मी धाकटीकडे बघितलं, तिने माझ्याकडे. आम्ही दोघीही काही बोललो नाही. अण्णांनी खुर्ची फोनजवळ ओढून घेतली.

खरी गंमत पुढे होती. धाकटीच्या बाईंच्या ओळखीने तिला शहराबाहेरच्या एका गोदामात जायला मिळालं. आत चिंध्यांचे डोंगर! देशोदेशींचे जुने स्वेटर, कोट, मफलर गठ्ठे बांधून तिथे येतात. त्यांच्यामध्ये एक सत्तरीचा म्हातारा स्टुलावर बसला होता. चिंधीला इटालियन भाषेत 'चेंचो' म्हणतात आणि चिंध्या निवडणारा तो 'चेंचायोलो'. नाव गमतीदार आहे, पण काम ऐका. तो एक स्वेटर उचलतो, अंगठा आणि दोन बोटांत चुरगाळतो आणि बाजूला टाकतो. ही लोकर. ही लोकर आणि नायलॉन. हे सगळंच प्लास्टिकचं. एका कपड्याला दोन-तीन सेकंद! चिठ्ठी वाचायची गरज नाही. कित्येकदा चिठ्ठी कापून टाकलेलीच असते. मग बटणं, चेन, अस्तर, शिवण सगळं काढायचं आणि उरलेलं रंगाप्रमाणे लावायचं. निळा म्हणजे काय एकच निळा? आकाशी, मोरपंखी, शाईचा, रात्रीचा... प्रत्येकाचा ढीग वेगळा.

बोटांना शंका आली तर एक धागा ओढून तो काडीने पेटवायचा. लोकर जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांत चुरडते. सुती धागा कागदासारखा भुरुभुरु जळतो. पॉलिस्टरचा मात्र वितळून कडक मणी होतो. (हे मोठं माणूस जवळ असल्याशिवाय करायचं नाही हं! आधी सांगून ठेवते.)

निवडलेल्या चिंध्या पुढे दात्यांच्या यंत्रात जातात आणि पिंजून पुन्हा लोकरीचा कापूस होतो. लोकरीत सुती धागे अडकलेले असतील तर आम्लाची प्रक्रिया करतात. त्याने सुती धाग्यांचा भुगा होऊन झडतो आणि लोकर शाबूत राहते. मग वेगवेगळ्या ढिगांतली लोकर मापाने मिसळायची, म्हणजे हवा तो रंग मिळतो. इतकं शाईनिळं, इतकं करडं आणि चिमूटभर हिरवं... जणू मसालाच! रंग जुन्या स्वेटरचाच असल्यामुळे नव्याने रंगवावं लागत नाही. रंगाचं पाणी वाचतं आणि नदीत सोडायलाही काही उरत नाही.

ही युक्ती प्रातोची स्वतःची नव्हे. इंग्लंडमधल्या बॅटली गावात बेंजामिन लॉ नावाच्या माणसाने १८१३ मध्ये असं कापड केल्याचं सांगतात. त्याला 'शॉडी' म्हणत. पुढे इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थच 'हलक्या प्रतीचं' असा होऊन बसला! प्रातोच्या लोकांनी मात्र त्याच चिंध्यांतून चांगल्या कोटांचं कापड काढून दाखवलं. आणि आपल्या देशातही हे होतं बरं का. हरियाणातल्या पानिपतला परदेशांतले जुने लोकरी कपडे येतात आणि त्यांची कांबळी होतात. तुम्ही पानिपत फक्त लढाईसाठी पाठ केलं असेल, म्हणून सांगितलं.

"ताई, आजोबा म्हणतात काम अवघड होत चाललंय," धाकटीने सांगितलं. पूर्वी शंभर कपड्यांत लोकर भरपूर निघायची. आता स्वस्त कपडे येतात, त्यांत चार जातींचे धागे एकत्र पिळलेले. ते सुटे करता येत नाहीत. दोनदा धुतले की कपडा गेला, आणि त्याचं पुढे काही होत नाही.

अशा स्वस्त कपड्यांचे कारखानेही प्रातोतच आहेत, आणि त्यांत चीनमधून आलेली माणसं राबतात. १ डिसेंबर २०१३ ला तिथल्या एका शिवणकामाच्या कारखान्याला आग लागली. कामगार जिथे शिवत तिथेच झोपत. सात जण गेले. धाकटीला ती जागा कुणीतरी रस्त्यातून दाखवली. तिने फोन तिकडे वळवला नाही, नुसतं सांगितलं. जुने इटालियन विणकर तरी कुठे सुखात होते? दुसरीकडचं स्वस्त कापड आलं आणि दोन हजार सालानंतर तिथले हजारो रोजगार गेले. एदोआर्दो नेझी नावाच्या लेखकाने घराण्याची कापड कंपनी विकली आणि त्यावर पुस्तक लिहिलं. २०११ मध्ये त्या पुस्तकाला स्ट्रेगा हा इटलीतला मोठा साहित्य पुरस्कार मिळाला.

"विकल्यावर पुस्तक लिवलं?" अण्णांनी विचारलं. थोडा वेळ गप्प राहून म्हणाले, "लिवंल की. त्याला लिवता येत हुतं."

रविवारी धाकटी फ्लॉरेन्समध्येच फिरली. जुन्या लोकर-महाजनांच्या वाड्यावर निशाण घेतलेलं कोकरू कोरलेलं आहे, ते तिने दाखवलं. शहराचं ते प्रसिद्ध प्रचंड चर्च बांधण्याचा कारभार या महाजनांकडेच होता. लोकर पिंजणाऱ्या, धुणाऱ्या मजुरांना मात्र स्वतःचा संघ काढायची परवानगी नव्हती. १३७८ च्या उन्हाळ्यात ते उठले, त्यांनी शहराचा कारभार हाती घेतला आणि मिकेले दि लान्दो हा लोकर पिंजणारा मुख्य अधिकारी झाला. त्यांचा नवा संघ त्याच वर्षी मोडून काढला गेला. इतिहासात या उठावाला 'च्योम्पींचा उठाव' म्हणतात.

दिवाळीनंतर धाकटीची एक मैत्रीण पुण्याला आली. तिच्याबरोबर म्हाताऱ्याने दिलेला वीतभर कापडाचा तुकडा आला. लांबून निळसर करडा, पावसाळी ढगासारखा. मी तो चौथीच्या वर्गात नेला. मुलांना घरून चिंध्या आणायला सांगितल्या होत्या. डोळे मिटून, नुसत्या बोटांनी सुती कोणती आणि पॉलिस्टर कोणती, ते ओळखायचं. वर्गात नुसता गोंधळ! सगळ्यांत जास्त बरोबर कुणाचं आलं माहीत आहे? नेहमी मागच्या बाकावर बसणाऱ्या एका मुलीचं. तिचे वडील वहिफणीचं काम करतात. बीमवरचा एक-एक धागा वहीतून आणि फणीतून ओवणारे ते कारागीर. सुट्टीत ती त्यांच्याजवळ बसते. "बाई, सुती गार लागतंय," ती म्हणाली. मला हे कुठल्याच पुस्तकाने सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी तुकडा अण्णांच्या हातात दिला. त्यांनी कपाट उघडलं आणि मागच्या बाजूने धागे मोजायचं घडीचं भिंग काढलं. माग गेले, पण हे त्यांनी ठेवलं होतं, ते मला त्या दिवशी कळलं. तुकडा खिडकीत नेला, इंचातले धागे मोजले, मग एक धागा ओढून त्याचा पीळ उलगडला. "बघ," म्हणाले. भिंगातून पाहिलं, तर करडा रंग कुठेच नव्हता! लाल, पिवळे, हिरवे, निळे असे बारीक-बारीक तंतू एकमेकांत गुंतलेले. कुणाकुणाचे स्वेटर असतील ते!

"तंतू आखूड हाय. मागावर लई तुटत असणार," अण्णा म्हणाले. "पण पीळ चांगला दिलाय."

येत्या शनिवारी धाकटी पुन्हा त्या गोदामात जाणार आहे, निवडायला शिकायला. अण्णांनी तिला विचारायच्या प्रश्नांची यादी माझ्याकडून लिहून घेतली. पहिला प्रश्न: त्या म्हाताऱ्याला दिवसाची मजुरी किती मिळते? दुसरा: त्याच्या हाताखाली कुणी शिकतंय का? तिसरा त्यांनी जरा थांबून सांगितला. जुना माग तिकडे भंगारात किलोला काय भावाने जातो?