कुळगाव ते कोल्हापूर : एका तासाचा हिशेब

मुंबई व कोल्हापूर या विमानतळांमधील हवाई अंतर सुमारे 300 किलोमीटर. उड्डाण साधारण तासाभराचे. परंतु कुळगावचे कुटुंब कुंभोजच्या बाहुबलीच्या दर्शनास निघते, तेव्हा प्रवास उंबरठ्यापासून मोजावा लागतो. बदलापूरहून घाटकोपरपर्यंत लोकल, तेथून रिक्षा, विमानतळावर आगाऊ हजेरी आणि उजळाईवाडीस उतरल्यावर पुन्हा मोटार! हमाली व गाडीभाडे मिळविल्यावाचून व्यापारी मालाची किंमत ठरवीत नाही, वेळेचेही तसेच. कल्याणला रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेस धरणारा झोपेतच घाट ओलांडतो आणि सकाळी कोल्हापुरास पोहोचतो. दर्शनासाठी पूर्ण दिवस हाती उरतो. रात्रभराची गाडी न सोसणारे वडीलधारे सोबत असतील, तर मात्र विमानच बरे.