पासिंग किती?

टेक्सासमध्ये ट्रकवरून माणसाचं घराणं ओळखतात. आजोबा फोर्ड चालवायचे म्हणून बाप फोर्ड चालवतो, आणि बाप चालवतो म्हणून पोरगा. शेव्हीवाले वेगळे, रॅमवाले वेगळे. कॉमिक्समधला छोटा कॅल्विन विरोधी कंपनीच्या लोगोवर लघवी करतोय, असे स्टिकर हायवेवर अजूनही दिसतात. (बिल वॉटरसननं कॅल्विनची खेळणी, टी-शर्ट असलं काही कधी विकू दिलं नाही, आणि गाड्यांच्या काचांवर पोचलं ते नेमकं हे चित्र. बिचारा.)

आम्ही यातल्या कुठल्याच घराण्यातले नाही. डॅलसच्या उत्तरेला, प्लेनो-फ्रिस्को पट्ट्यात जी मराठी मंडळी राहतात, त्यांची कुलदैवतं दोनच, टोयोटा आणि होंडा. टोयोटाचं अमेरिकेतलं मुख्यालयच प्लेनोत आहे. ओळखीतला कुणी ना कुणी तिथल्या प्रोजेक्टवर असतोच. आधी सेकंडहँड कॅमरी, मग मूल झालं की ओडिसी, मग प्रमोशन झालं की हायलँडर. या क्रमात पिकअप ट्रक कुठेच बसत नाही. त्यामुळे मी मंडळाच्या ग्रुपवर विचारलं, ‘फुल-साइज पिकअपबद्दल कुणाला अनुभव आहे का?’ तेव्हा पहिलं उत्तर आलं, ‘घर शिफ्ट करताय का? यू-हॉल घ्या ना!’

घर शिफ्ट करायचं नव्हतं. वडापाव आणि मिसळीचा ट्रेलर ओढायचा होता. दोन वर्षं लोकांच्या स्वयंपाकघरात भाड्यानं जागा घेऊन ऑर्डरी केल्यावर मी एक जुना फूड ट्रेलर घेतला. तो विकणारा म्हणाला, ‘कुठलाही हाफ-टन ट्रक ओढेल याला.’ हाफ-टन म्हणजे फोर्ड एफ-१५०, शेव्हरोले सिल्व्हराडो १५००, रॅम १५०० या वर्गातले ट्रक. एके काळी असे ट्रक हजारभर पौंड, म्हणजे अर्धा टन माल न्यायचे, त्यावरून पडलेलं हे नाव. आता त्याला काही अर्थ उरलेला नाही. पण ‘कुठलाही’ हा शब्द मला खटकला. बारा वर्षं मी या देशात नवऱ्याच्या व्हिसाच्या शेपटीला धरून राहिले. घराचं कर्ज, गाडीचं कर्ज, सगळं त्याच्या नावावर. ग्रीन कार्ड आल्यावर माझ्या नावावर होणारं हे पहिलं कर्ज होतं, तेही धंद्याच्या भरवशावर. तिथे ‘कुठलाही’ चालणार नव्हता.

मग मी अभ्यासाला बसले. ट्रक कंपन्यांची जाहिरात करायची रीत मजेशीर आहे. फोर्ड सांगतं की एफ-सिरीज १९७७पासून अमेरिकेतला सर्वाधिक खपाचा ट्रक आहे, आणि ते खरंच आहे. फोर्डनं २०१५च्या मॉडेलपासून बॉडी ॲल्युमिनियमची केली, वजन सातशे पौंडांपर्यंत उतरवलं. त्यावर शेव्हरोलेनं जाहिरात काढली. दोन्ही ट्रकच्या हौद्यात वरून दगडी विटांचा ढीग ओतला आणि फोर्डच्या हौद्याला पडलेली भोकं दाखवली. टेक्साससाठी तर प्रत्येकाचा वेगळा नैवेद्य. फोर्डची ‘किंग रँच’, रॅमची ‘लोन स्टार’, शेव्हीची ‘टेक्सास एडिशन’. टोयोटाच्या टंड्राची एक आवृत्ती आहे ‘१७९४’. टंड्रा बनते सॅन अँटोनियोत, आणि तो कारखाना ज्या जमिनीवर उभा आहे, ते रँच १७९४ साली वसलं होतं. म्हणजे पुण्यात वानवडीला महादजी शिंद्यांनी डोळे मिटले, त्याच साली. हे वाचल्यावर मला टंड्राबद्दल उगाचच आपुलकी वाटायला लागली. जाहिरातवाल्यांना पगार मिळतो तो यासाठीच.

आणि आकडे. एफ-१५० जास्तीत जास्त १३,५०० पौंड ओढते, सिल्व्हराडो १३,३००, टंड्रा १२,०००, रॅम साडेअकरा हजारांच्या आसपास. हे आकडे खोटे नाहीत. ओढायच्या क्षमतेची एक ठरलेली चाचणी आहे. ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमजवळचा लांब चढ, एसी पूर्ण चालू ठेवून, ताशी ४० मैलांच्या खाली न येता चढायचा. माझा ट्रेलर सात हजार पौंडांच्याही आतला. म्हणजे चौघांपैकी कुणीही तो हसतखेळत ओढेल. मग राहिलं काय? रंग निवडा, सही करा.

रविवारी अण्णांना व्हिडिओ कॉल केला. माझ्या वडिलांनी कराडहून पुण्याच्या मार्केट यार्डात गूळ पोचवण्यात उमेदीची वर्षं घालवली, स्वतःच्या टाटा ४०७वर. मी त्यांना १३,५००चा आकडा ऐकवला. ते काही प्रभावित झाले नाहीत.

‘ओढायचं ऱ्हाऊ दे. पासिंग किती हाय?’

पासिंग म्हणजे आरटीओनं आरसी बुकात लिहून दिलेलं वजन. गाडीनं अंगावर किती घ्यायचं, ते. ओढायचं वेगळं, अंगावर घ्यायचं वेगळं. मी म्हटलं, अण्णा, माल ट्रेलरमध्ये असणार, ट्रकवर काही नाही. ते म्हणाले, ‘ट्रेलरचं तोंड कुणाच्या डोक्यावर टेकतं मग?’

इथे माझा सगळा शोध वळला. ट्रेलरच्या एकूण वजनाचा १० ते १५ टक्के भाग हिचवर, म्हणजे ट्रकच्या पाठीवर येतो. तो तसा यावाच लागतो. कमी आला तर ट्रेलर वेगात शेपूट हलवायला लागतो आणि ट्रकला घेऊन आडवा होतो. आणि हे वजन मोजलं जातं पेलोडमध्ये. आपण दोघं, हौद्यातला जनरेटर, बटाट्याची पोती, सगळं त्याच खात्यात. अण्णांच्या भाषेत पासिंगमध्ये.

हे पासिंग ब्रोशरमध्ये नसतं. ब्रोशरमध्ये असतो ‘जास्तीत जास्त’चा आकडा, जो एखाद्या विशिष्ट इंजिनाच्या, विशिष्ट लांबीच्या ट्रकचा असतो. तो बहुधा डीलरकडे उभाही नसतो. खरा आकडा ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर चिकटवलेल्या पांढऱ्या-पिवळ्या पट्टीवर छापलेला असतो. माणसं आणि माल मिळून वजन इतक्याच्या वर जाता कामा नये, एवढं एकच वाक्य. ते त्या एका ट्रकपुरतं. शेजारी उभ्या असलेल्या त्याच कंपनीच्या, त्याच रंगाच्या ट्रकवर वेगळा आकडा असू शकतो.

आधी आपलं वजन कळायला हवं. हायवेवरच्या ट्रक स्टॉपला मोठ्या ट्रकांसाठी वजनकाटे असतात. ट्रेलर विकणाऱ्याच्याच ट्रकला ट्रेलर जोडून आम्ही तिथे गेलो, पाण्याची टाकी भरून, फ्रायर-फ्रीज सगळं आत ठेवून. हा काटा प्रत्येक ॲक्सलचं वजन वेगळं देतो. एकदा जोडून काटा केला, एकदा नुसत्या ट्रकचा. दोन पावत्यांची वजाबाकी केली की हिचवर किती आलं ते कळतं. ट्रेलर एकूण ६,८४० पौंड, त्यातले ८९० ट्रकच्या पाठीवर. आम्ही दोघं ३३०. वजन वाटून देणारी हिच स्वतःच ९०. जनरेटर आणि गॅसच्या टाक्या २६०. बटाटे, तेल, बेसन १५०. बेरीज १,७२० पौंड, म्हणजे ७८० किलो.

त्यानंतरचे तीन शनिवार मी डीलरांच्या आवारात लोकांच्या दृष्टीनं एक विचित्र काम केलं. ट्रकचं दार उघडायचं, खांबाचा फोटो काढायचा, दार लावायचं. सेल्समन मागून येऊन मोठ्या स्क्रीनबद्दल सांगत असायचा. एका पठ्ठ्याला मी पेलोड विचारला तर तो म्हणाला, ‘मॅम, हा तेरा हजार ओढतो.’ मी पुन्हा विचारलं, त्यानं पुन्हा तेरा हजार सांगितलं.

फोटोंची यादी झाल्यावर जे दिसलं, त्यानं मी खरोखर चकित झाले. ट्रक जितका महाग, तितकं पासिंग कमी. रॅमची सगळ्यात वरची आवृत्ती, आपोआप बाहेर येणाऱ्या पायऱ्या, काचेचं छत, मसाज देणाऱ्या सीटा, त्यावर आकडा होता १,१८७. टंड्रा ‘१७९४’, माझ्या महादजींची, तीही चौदाशेच्या आतच. कारण सोपं आहे. गाडीचं एकूण वजन ठरलेलं, त्यात छत, मोटारी, चामडं जितकं चढवाल तितकं मालातून वजा. ऐंशी हजार डॉलरच्या घरातला ट्रक माझा वडापाव कायद्यानं नेऊ शकत नव्हता. तो नेऊ शकणारे होते ते सगळ्यात साधे, प्लास्टिकचा बंपर आणि रेक्झिनच्या सीटांचे, जे कंत्राटदार घाऊक घेतात आणि डीलर मागच्या कुंपणाशी उभे करतात.

नवऱ्याला रॅम हवी होती. त्याचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. त्याची जुनी गाडी विकून आम्ही ट्रक घेणार होतो, म्हणजे आठवड्याचे पाच दिवस ऑफिसला तोच नेणार. रॅमला २००९पासून मागे पाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंग आहेत, २०२२पासून टंड्रालाही. फोर्ड आणि शेव्हीला अजून पाटे. इथले हायवे काँक्रीटचे, दर काही फुटांवर सांधा. रिकाम्या पाट्यांच्या ट्रकमधून गेलं की प्रत्येक सांधा कंबरेला कळतो. रॅममध्ये कॉफी हलत नाही. त्या रात्री आमच्यात जे बोलणं झालं, ते स्प्रिंगबद्दल सुरू झालं आणि बारा वर्षं कुणाच्या नोकरीप्रमाणे घर कुठे कुठे हललं, इथवर गेलं. ते इथे लिहीत नाही. शेवटी तो म्हणाला, साध्या रॅमचा आकडा बघ. बघितला. आमच्या आसपास होता त्यातला सगळ्यात चांगला १,६९०. तीस पौंड कमी. तो म्हणाला, तीस पौंड म्हणजे काय, मी जिमला जाईन. दोघंही हसलो, पण यादीतून रॅम गेली.

भरवशाचं म्हणाल तर कुणाकडेच कौतुकानं बघावं असं नाही. टोयोटानं २०२४मध्ये लाखभर टंड्रा आणि लेक्सस परत बोलावल्या, इंजिनात कारखान्यातलाच धातूचा कचरा राहिला म्हणून. जनरल मोटर्सनं २०२५मध्ये ६.२ लिटरच्या व्ही-एटसाठी जवळपास सहा लाख गाड्या बोलावल्या. त्याच वर्षी रिकॉलच्या संख्येत फोर्डनं सगळ्यांना मागे टाकलं. कुलदैवत बदलून काही होत नाही. एवढंच केलं की शेव्हीचं ६.२ आणि टंड्रा यादीतून काढली, आणि जुन्या धाटणीच्या, टर्बो नसलेल्या व्ही-एटवर आले. फोर्डचं ५.० किंवा शेव्हीचं ५.३.

मधेच अण्णांनी विचारलं, ‘तिकडं बोलेरो पिकअप न्हाई मिळत?’ त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता. बोलेरोचं १.७ टनांचं मॉडेल आहे, सतराशे किलो. पण बाहेरून येणाऱ्या हलक्या ट्रकवर अमेरिकेचा २५ टक्के कर आहे, तो थेट कोंबडीमुळे. युरोपनं अमेरिकन कोंबडीवर कर लावला म्हणून १९६३मध्ये अध्यक्ष जॉन्सननी चिडून ट्रकवर लावला. कोंबडीचं भांडण मिटलं, कर राहिला. महिंद्राही एकदा पिकअप आणायच्या तयारीत होती, ती आली नाही. टेक्सासच्या शेतांवर त्यांचे लाल ट्रॅक्टर मात्र दिसतात. अण्णांना मी इथल्या ट्रकची किंमत आणि पासिंग सांगितलं. ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. ‘एवढ्या पैशात आठ-नऊशे किलो? आन् गाडी एवढी मोठी? मग ती भरतात कशानं?’

बहुतेक कशानंच भरत नाहीत. माझ्या गल्लीत सात पिकअप आहेत. एकाच्याही हौद्यात मी आजवर किराण्याच्या पिशव्यांपलीकडे काही पाहिलेलं नाही. आणि अण्णांची ४०७ पासिंगच्या आत भरून गेल्याचं मला आठवत नाही. गुळाच्या ढेपा पासिंगच्या दीडपट, कधी दुप्पट. तेवढं भरलं नाही तर डिझेल, हप्ता आणि वाटेतल्या चहापाण्याचा मेळच बसायचा नाही. खंबाटकी उतरताना ते दुसऱ्या गिअरमध्ये उतरायचे, ब्रेकला शक्यतो पाय न लावता. खाली आल्यावर चाकावर पाणी मारलं की वाफ निघायची. मी लहानपणी दोन-तीनदा बरोबर गेले होते. ती वाफ मला गंमत वाटायची. अण्णा तेव्हा घाटभर एक शब्द बोलायचे नाहीत, हे आता लक्षात येतं. त्यांनी मला चढाबद्दल काही विचारलं नाही. पासिंगनंतरचा त्यांचा प्रश्न होता, ‘ट्रेलरला सोताचा ब्रेक हाय का?’ आहे. टेक्सासमध्ये साडेचार हजार पौंडांच्या वर तो लागतोच, आणि तो ट्रकमधून चालवायचा कंट्रोलर काही साध्या ट्रकमध्ये जादा पैसे देऊन बसवावा लागतो. माझ्या यादीत त्याचा रकाना नव्हता. त्या रात्री आला.

मागच्या कुंपणाशी उभी असलेली एक पांढरी एफ-१५० मिळाली. एक्सएल, ५.० लिटर, कंट्रोलर कारखान्यातूनच बसवलेला. तेवढ्याच पासिंगची एक सिल्व्हराडोही होती. पण तिच्यावर डीलरनं आधीच पायऱ्या आणि हौद्याचं झाकण चढवलं होतं, आणि ते काढून द्यायला ते तयार नव्हते. फायनान्सच्या खोलीत तिथल्या माणसानं कागदांचा गठ्ठा नवऱ्यापुढे सरकवला. नवऱ्यानं तो माझ्यापुढे सरकवला. मग त्या माणसानं पेन शोधायला बराच वेळ घेतला. चौऱ्याऐंशी महिन्यांचा हप्ता सुचवत होता, मी साठ घेतले.

घरी आल्यावर दाराच्या पट्टीचा फोटो अण्णांना पाठवला. कराडला पहाट होती, पण त्यांचा लगेच फोन आला.

‘ह्ये १,९४२ पौंड ना? किलोत सांग.’

‘आठशे ऐंशी.’

‘आन् तुझं सगळं मिळून भरतंय किती?’

‘सातशे ऐंशी.’

तिकडे जरा वेळ शांतता.

‘मग शंभर किलो मोकळं हाय की गं,’ अण्णा म्हणाले. ‘अजून दोन पोती बटाटं बसत्यात.’