ऑर्गनवर कोण?

जुन्या नाट्यपदांच्या तबकड्या पुढे सीडीवर पुन्हा निघाल्या. त्या सीड्या मी जमवतो. इथवर सांगितले की लोक मान डोलावतात. 'बालगंधर्वांचे भक्त दिसता!' असे कौतुकाने म्हणतातही. पण मी त्या गाण्यामागच्या ऑर्गनसाठी जमवतो हे कळले, की लग्नाला जाऊन नवरीऐवजी मांडवाच्या खांबांची चौकशी करणाऱ्याकडे पाहावे तसे ते माझ्याकडे पाहू लागतात.

खांबच म्हणा हवे तर! विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत 'सीतास्वयंवर' उभे केले, तेव्हा हे विलायती वाद्य आपल्या रंगभूमीच्या गावीही नव्हते. पुढे ते आले, आणि १९१३ साली निघालेल्या गंधर्व नाटक मंडळीत असे स्थिरावले, की ऑर्गनवाचून संगीत नाटक ही कल्पनाच कोणाला करवेना. पेटीवाल्याचा एक हात भात्यात अडकलेला. इथे भाता पायांकडे गेला आणि दोन्ही हात सुटले. वाऱ्यावर चालणारे वाद्य, त्यामुळे त्याच्या सुराला श्वास असतो. नटाने तान टाकून दम खाल्ला, की तेवढी फट ऑर्गन भरून काढतो. नट पुढच्या ओळीकडे वळण्याआधीच तो तिथे जाऊन उभा राहिलेला असतो. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू म्हणजे जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटे. तेवढ्यात हा माणूस किती कामे उरकतो, हे गाणे बाजूला ठेवून एकदा ऐकावे.

माझा पुतण्या शिकागोला असतो. काकाला ऑर्गनचे वेड आहे एवढेच त्याच्या ध्यानात राहिलेले. त्याने एकदा जिमी स्मिथ नावाच्या निग्रो वादकाची सीडी पाठवली: 'बॅक ॲट द चिकन शॅक'. हा हॅमंड कंपनीचा विजेवर चालणारा ऑर्गन. आमच्या ऑर्गनवाल्याचे पाय वारा घालतात, याचे पाय खर्ज वाजवतात. एवढ्यावरून दोघांचे गोत्र वेगळे. साताऱ्यातल्या आमच्या वाड्यात ते संगीत सुरू झाले तेव्हा शेजारच्या काकूंनी 'कसली पूजा आहे?' म्हणून विचारले. मला मात्र ते आवडले. पण त्याहून मी अडकलो ते सोबतच्या पुस्तिकेत. ध्वनिमुद्रण २५ एप्रिल १९६० चे. सॅक्सोफोनवर स्टॅन्ली टरेंटाइन, गिटारवर केनी बरेल, ड्रमवर डोनाल्ड बेली. ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डर. म्हणजे यंत्रापाशी बसलेल्या माणसालाही नाव आहे!

त्याच रात्री मी माझ्या नाट्यपदांच्या सीड्या काढून बसलो. गायकाचे नाव आहे, नाटकाचे आहे, नाटककाराचे आहे, कुठे रागाचेही आहे. साथीदार? एकाही वेष्टनावर नाही. १९०२ साली आपल्याकडे ध्वनिमुद्रण सुरू झाले, तेव्हा गौहर जान गाणे संपताच आपले नाव इंग्रजीत पुकारीत, कारण तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला तयार होत आणि तिथल्या कारागिरांना कोण गाते आहे ते कळावे लागे. मागे बसलेल्याला मात्र कोणी नाव पुकारायला सांगितले नाही. थिरकवाँसाहेबांचा तबला नावानिशी लोकांच्या ओठांवर राहिला, गोविंदराव पटवर्धनांसारख्यांना पुढच्या पिढीने ओळखले; बाकीचे पडद्यापुढे बसूनही पडद्याआडच राहिले.

महिन्यातून एकदा मी कऱ्हाडमार्गे एस.टी.ने सांगलीला जातो. तिथे एक वयोवृद्ध गृहस्थ आहेत. मी त्यांना तात्या म्हणतो. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचे पाणी त्यांच्या घरात शिरले आणि तबकड्यांची कपाटे चिखलात बुडाली. लाखेच्या तबकड्याच त्या. धुऊन वाळवल्यावर बऱ्याचशा वाजू लागल्या. पण वरचे कागद गेले. आता एकसारख्या काळ्या, बिननावाच्या तबकड्यांचा ढीग घेऊन आम्ही बसतो. तात्या सुई ठेवतात. गायक ओळखायला क्षणही लागत नाही. पद नेमके कोणते आणि कोणत्या नाटकातले, यासाठी माझ्या सीड्या उपयोगी पडतात.

आणि इथेच एक गंमत झाली. तेच पद सीडीवर लावले तर ऑर्गन पातळ लागतो. तबकडीची खरखर पुसताना तिच्याबरोबर ऑर्गनचा वाराही पुसला गेलेला! सीडी नाव सांगते, तबकडी हात सांगते. तात्या कानाशी हात नेऊन म्हणतात, "अहो, हा हात माझ्या ऐकण्यातला आहे. याने समेला जरा थांबून सूर सोडला, पाहिलंत? लहानपणी मी याला अगदी पुढं बसून ऐकलंय. नाव काही आठवत नाही."

आम्ही एक वही घातली आहे. पद, नाटक, गायक, तबकडीच्या मधल्या गुळगुळीत कड्यावर कोरलेला क्रमांक, आणि शेवटचा रकाना ऑर्गनचा. आजवर चौसष्ट नोंदी झाल्या. शेवटच्या रकान्यात पाच नावे आहेत. सहाव्याबद्दल तात्यांचे आणि माझे एकमत होत नाही, म्हणून ते पेन्सिलीने लिहून ठेवले आहे.