दाखला आणि जेसन

शाळा सोडल्याचा दाखला म्हणजे जनरल रजिस्टरची नक्कल, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. रजिस्टर शाळेच्या कपाटातून हलत नाही. दाखला मात्र एकटाच प्रवासाला निघतो आणि आमचं रजिस्टर न बघता परगावच्या हेडमास्तरांना तो कळावा लागतो. डेटाबेसमधल्या नोंदीचं जेसन किंवा एक्सएमएल करणं म्हणजे नेमकं हेच, बरं का! संगणकवाले त्याला सीरियलायझेशन म्हणतात. नाव जडजंबाळ, काम कारकुनी.

आमच्या माजी विद्यार्थ्यांची यादी पुतण्या जँगो वापरून करतोय, म्हणून हे सगळं सध्या घरात चालू असतं. प्रोग्रामच्या आत विद्यार्थ्याला त्याची तुकडी ठाऊक असते आणि तुकडीला तिचे सगळे विद्यार्थी. हे जसंच्या तसं उतरवायला गेलं तर विद्यार्थ्यातून तुकडी, तुकडीतून पुन्हा तोच विद्यार्थी... संपायचंच नाही! म्हणून कुठे थांबायचं ते ठरवावं लागतं. जँगोचं रेस्ट फ्रेमवर्क आपणहून तुकडीचा फक्त क्रमांक लिहितं, समजा १७. आता परक्याला १७ म्हणजे काय कळणार? तिथे 'दहावी ब' असंच हवं.

तारखेची आणखी गंमत. जेसनमध्ये मजकूर आहे, आकडा आहे, होय-नाही आहे, 'काहीच नाही' हेसुद्धा आहे, पण तारीख हा प्रकारच नाही. ती मजकूर म्हणून लिहायची : आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. १९८८ च्या आयएसओ ८६०१ या प्रमाणात तसंच आहे. नाहीतर ३/४ म्हणजे आपल्याकडे तीन एप्रिल आणि अमेरिकेत चार मार्च! आम्ही दाखल्यावर जन्मतारीख अंकी आणि अक्षरी लिहायचो ती काय उगीच?

असो. पुतण्याशी खरं वाजलं ते 'सगळे' या शब्दावरून. या फ्रेमवर्कमध्ये कुठले रकाने बाहेर पाठवायचे ते लिहून द्यावं लागतं, किंवा 'सगळे' अशा अर्थाचा एक शब्द लिहून मोकळं होता येतं. त्यानं तेच केलं होतं. आता जुन्या रजिस्टरवरून भरलेल्या नोंदीत जात आहे, नादारी आहे, 'दोनदा नापास' असे शेरे आहेत. ती मुलं आज पन्नाशीच्या पुढे आहेत, काहींना नातवंडं झाली.

"काका, स्क्रीनवर कुठे दिसतंय ते!" तो म्हणाला.

दिसत नाही हे खरं. पण ब्राउझरपर्यंत पोचलेलं जेसन ज्याला माहीत आहे तो दोन मिनिटांत उघडून वाचतो. हे त्यानंच मला मागे दाखवलं होतं.

अर्धा तास गेला वादात. शेवटी त्यानं 'सगळे' खोडून चारच रकाने लिहिले : नाव, तुकडी, दहावीचं वर्ष, सध्याचं गाव. उद्या नोंदीत नवा रकाना वाढला तरी तो आता आपोआप बाहेर पडणार नाही. फोन नंबरावर अजून एकमत नाही.